मे महिन्यात कोरडं दिसणारं तळघर

नागपुरात घराच्या तळघराचं काम बहुतेक जण एप्रिल-मेमध्ये काढतात. मुलांना सुट्ट्या असतात, लग्नसराई सोडली तर मिस्त्री आणि रेजा कामाला मिळतात. बाहेर पारा ४५ अंशांवर गेलेला असताना चार पायऱ्या उतरून खाली गेलं की जीव थंडावतो, आणि एवढी गार जागा अडगळीसाठी का ठेवायची, हा विचार नेमका त्याच दिवसांत मनात येतो. भिंतीला हात लावावा तर खडखडीत कोरडी. ओलीचा जुना डाग असतो, पण तोही वाळून पिवळसर पडलेला. मग घरचीच माणसं कामाला लागतात. पोपडे खरवडले जातात, सिमेंटचं नवं प्लास्टर चढतं, पुट्टी, रंगाचे दोन हात, खाली टाइल्स. मृगाच्या आधी खोली तयार होते. जुलैच्या मध्यावर फरशीपासून फूटभर उंचीवर रंगाला बारीक फुगे येतात. ऑगस्टात ते फुटून पांढरी पूड गळायला लागते आणि पोळ्यापर्यंत खाली कुबट वास भरून राहतो.

यात रंगाचा, पुट्टीचा किंवा मिस्त्रीच्या हाताचा दोष क्वचितच असतो. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. तळघराचं खरं काम भिंतीच्या पलीकडे, अंगणात आणि जमिनीत असतं, आणि तिथे काय चाललं आहे हे नागपूरच्या जमिनीत फक्त पावसाळा सांगतो. म्हणून माझं म्हणणं असं, की आतल्या रंगावर एक रुपया खर्च करण्याआधी एक अख्खा पावसाळा त्या खोलीचं नुसतं निरीक्षण करावं. घरच्या घरी केलेल्या दुरुस्तीत हाच टप्पा बहुतेक वेळा गाळला जातो.

आधी जमीन समजून घेऊ. नागपूर दोन वेगळ्या खडकांच्या सांध्यावर वसलं आहे. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला त्याहून कितीतरी जुने नाइससारखे खडक, आणि उत्तरेला कामठीच्या बाजूला वालुकाश्म. ही रचना अभ्यासून जगापुढे मांडणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप आघाडीवर होते. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी इथल्या खडकांवर आणि जीवाश्मांवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापला. आजचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. सप्टेंबरातला इथला पाऊस किती दगा देतो, हे त्यांच्या मृत्यूनंतरही या शहराने अनेकदा अनुभवलं आहे.

बेसाल्ट झिजला की त्याचा मुरूम होतो आणि त्यावर काळी माती साचते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे पत्त्यांच्या जोडासारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतं, त्यामुळे माती फुगते. पाणी निघून गेलं की पापुद्रे पुन्हा जवळ येतात आणि माती आकसते. मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगांत सब्बल सहज जातं ते यामुळेच. तीच भेग घराच्या कडेला, माती आणि तळघराची भिंत यांच्या मध्येही पडते. ती फारशी कुणी पाहत नाही, कारण तिच्यावर कुंड्या, पालापाचोळा किंवा जुनी फरशी असते.

तळघराचं गुपित या फटीत आहे. जूनमधला पहिला मोठा पाऊस आला की अंगणातलं पाणी मातीत मुरत बसत नाही. भिंतीला खेटून असलेल्या फटीतून ते सरळ पायापर्यंत उतरतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत माती भिजून फुगते, फट मिटते आणि आत गेलेलं पाणी तिथेच कोंडलं जातं. आता ही माती भिंतीवर आडवा रेटाही देते. म्हणजे भिंतीवर आधी पाणी येतं, मग दाब येतो. उन्हाळ्यात दोन्ही नाहीसे होतात आणि भिंत निर्दोष दिसते. खोल काळ्या मातीत ही फुगण्या-आकसण्याची हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोचते असं धरतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी खाली फुगीर कंद असलेले पाइल विकसित केले, त्यांची किमान लांबी साडेतीन मीटर ठेवण्यामागे हाच हिशोब आहे: कंद हलत्या मातीच्या खाली, स्थिर थरात बसला पाहिजे. घरगुती तळघर मात्र पूर्णपणे त्या हलत्या पट्ट्यात असतं.

आपल्या अंगणातली माती किती फुगते, हे घरी तपासता येतं. भारतीय मानकातली चाचणी अगदी साधी आहे. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळायची. दहा-दहा ग्रॅम माती खुणा असलेल्या दोन उंच काचनळ्यांत घालायची. एकीत पाणी ओतायचं, दुसरीत रॉकेल. ढवळून आतली हवा काढायची आणि दोन्ही नळ्या चोवीस तास तशाच ठेवायच्या. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तिची उंची हे मूळ माप. पाण्यातली माती त्याहून किती टक्के वर आली ते पाहायचं. हा आकडा पन्नासच्या वर गेला तर भिंतीभोवती ही माती राहू द्यायची नाही, असं समजून पुढची आखणी करावी. अंगणाच्या दोन-तीन कोपऱ्यांतली माती वेगवेगळी तपासावी. शहरात जुन्या घरांभोवती भराव असतो, आणि एका बाजूला मुरूम तर दुसऱ्या बाजूला काळी असं चित्र नेहमी दिसतं.

जमिनीखाली कोरडं राहणारी जागा महाराष्ट्राला नवी नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं प्रसिद्ध होती. तिथल्या मातीचा गुणच असा, की जमिनीत खोल खणलेल्या त्या पोकळीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. तीही २००५ च्या महापुरात पाणी शिरून निकामी झाली. चांगली माती ओल थोपवते, पण वरून शिरणाऱ्या पाण्यापुढे तिचाही इलाज चालत नाही. नागपूरकरांनी हे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाहिलं.

त्या रात्री शहरात सुमारे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. १८७० च्या सुमारास बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने काठ सोडले. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, रामदासपेठ, सीताबर्डी इथल्या तळमजल्यांत आणि तळघरांत माणसं झोपेत असतानाच पाणी शिरलं. माणसं दगावली, दुकानांतला माल गेला, सीताबर्डीच्या तळघरांतून पाणी उपसायला पंप लावावे लागले. तलावाच्या सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकामुळे प्रवाहाला अडथळा होतो का, हा वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. नदीकाठच्या घराचं रक्षण घरमालकाच्या हाती नाही, हे खरंच आहे. पण त्या रात्री नदीपासून दूर असलेल्या घरांतही तळघरं भरली, आणि त्याचा हिशोब प्रत्येकाला स्वतःच्या घरापुरता मांडता येतो.

१,००० चौरस फुटांचं छत म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९,३०० लिटर पाणी जमतं. मोठ्या टँकरभर पाणी, तेही एकट्या छताचं, अंगणाचं वेगळं. आता घराभोवती फिरून पाहा, की छताचे पाइप कुठे सोडले आहेत. फार घरांत ते भिंतीला चिकटून खाली येतात आणि जमिनीपासून वीतभर वर तोंड उघडं ठेवून थांबतात. म्हणजे ते टँकरभर पाणी आपण होऊन तळघराच्या भिंतीशी, त्या उन्हाळी फटीच्या तोंडाशी ओततो. पाइपाला एक बाक आणि दहा-बारा फुटांची जोड देऊन ते पाणी रस्त्याकडच्या नालीत किंवा बागेच्या उतारावर नेणं हे तळघराच्या दुरुस्तीतलं सर्वांत स्वस्त काम आहे, आणि माझ्या मते सर्वांत गुणकारीही. पावसाचं पाणी जिरवण्याचा खड्डा केला असेल तर तोही तळघरापासून लांब हवा. काही घरांत तो जागेअभावी भिंतीलगतच असतो, आणि मग त्यात मुरवलेलं पाणी तळघराच्या फरशीखालून वर येतं.

आता निरीक्षणाचा पावसाळा. त्यासाठी खडू, पारदर्शक प्लास्टिक, काचेच्या अरुंद पट्ट्या आणि वही पुरते.

प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या अंगाला आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या अंगाला आले तर हवेतल्या वाफेचं थंड पृष्ठभागावर पाणी होतंय. दोन्हींचे इलाज अगदी वेगळे आहेत, आणि हे न पाहताच वॉटरप्रूफिंगचा डबा विकत घेतला जातो. खडूने ओलीच्या कडेवर रेघ मारून तारीख लिहायची. प्रत्येक मोठ्या पावसानंतर नवी रेघ. रेघ पाऊस पडल्यावर काही तासांत वर सरकली तर पाणी फटीतून किंवा पाइपापाशी थेट उतरतंय. दोन-तीन दिवसांनी सरकली तर ते मुरमातून झिरपत येतंय. पाऊस असो-नसो ती सारखीच राहिली, आणि मे महिन्यातही ओल असली, तर पावसाला दोष न देता नळाची किंवा सांडपाण्याची फुटलेली लाइन शोधावी.

भिंतीतल्या तड्यावर काचेची पट्टी प्लास्टरच्या दोन ठिपक्यांनी आडवी बसवायची. तडा हलला की काच तडकते. सोबत तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा करून अंतर मोजून लिहावं. उन्हाळ्यात रुंद आणि पावसाळ्यात अरुंद होणारा तडा मातीच्या श्वासाबरोबर हलतो; त्यात कडक सिमेंट भरलं तर पुढच्या हंगामात शेजारी नवा तडा पडतो, म्हणून तिथे लवचीक सीलंट लागतं. दर वर्षी वाढतच जाणारा, किंवा आडवा जाऊन भिंतीला आत पोट आणणारा तडा मात्र घरच्या कामाचा नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअरच हवा.

पाण्याचा मार्ग अजूनही कळत नसेल तर भिंतीच्या तळाशी, फरशीच्या चार बोटं वर, ड्रिलने एक भोक पाडून बघावं. आधी विटेची लाल धूळ येते, मग ओला लगदा, आणि मागे पाणी साठलं असेल तर बारीक धार सुरू होते. ही धार काचेच्या ग्लासात धरावी. पाणी स्वच्छ असेल तर ते जमिनीतलं झिरपलेलं. गढूळ असेल आणि तळाशी माती बसत असेल तर भिंतीमागची माती वाहून येते आहे, तिथे पोकळी तयार होतेय. हे भोक लगेच बुजवून जाणकाराला दाखवावं. साबणाचा फेस किंवा वास आला तर शोध सांडपाण्याच्या चेंबरकडे वळवायचा.

पावसाळा ओसरला की बाहेरचं काम. दसरा-कोजागिरीनंतर माती अजून ओलसर, म्हणजे खणायला मऊ असते आणि पाऊस थांबलेला असतो. भिंतीपासून बाहेरच्या दिशेने जमिनीला उतार द्यायचा: दोन मीटरमागे दहा सेंटिमीटर पुरतो. उतारावर काळी माती न ठेवता मुरूम थराथराने कुटून घ्यायचा आणि त्यावर फरसबंदी करायची. फरशी आणि भिंत यांच्या सांध्यात सीलंट भरायचं, कारण फट तिथेच पुन्हा उघडू पाहते. भिंतीलगतची फुलझाडं हलवावीत. रोज पाणी घातलेला वाफा भिंतीला बारा महिने पावसाळा दाखवतो.

ज्यांच्याकडे एवढ्याने भागत नाही, त्यांना भिंतीच्या बाहेर चर खणून बाहेरून लेप द्यावा लागतो. इथे घाई जिवावर बेतू शकते. काळ्या मातीची बाजू खणल्यावर दोन दिवस उभ्या भिंतीसारखी ताठ दिसते आणि सुकून भेगा पडल्या की एकाएकी ढासळते. दीड मीटरपेक्षा खोल चर फळ्या-टेकूंच्या आधाराशिवाय उघडा ठेवू नये, असा सुरक्षेचा दंडक आहे. घरच्या माणसांनी त्याहून खोल उतरूच नये, आणि चर सलग न खणता तुकड्या-तुकड्याने खणावा. भिंत धुऊन, विटांच्या दरजा भरून, लेप लावून तो वाळला की चर बुजवायची वेळ येते. या टप्प्यावर केलेली एक गोष्ट सगळी मेहनत पाण्यात घालवते.

ती म्हणजे, काळ्या मातीऐवजी गिट्टी आणि कन्हान नदीची रेती भरणं आणि तिथेच थांबणं. विचार बरोबर वाटतो: रेतीतून पाणी लगेच निघून जाईल. पण जाईल कुठे? चराच्या भोवती आणि खाली घट्ट काळी माती आहे, तिच्यातून पाणी जवळजवळ जात नाही. छताचं आणि अंगणाचं पाणी या सैल भरावात उतरतं आणि भिंतीला लागून एक हौद तयार होतो. आधी भिंतीला ओल होती, आता उभं पाणी टेकलेलं असतं. म्हणून गिट्टीच्या तळाशी भोकांचा पाइप जिओटेक्स्टाइल कापडात गुंडाळून घालावा आणि तो उताराने बाहेर नालीत किंवा पाणी गोळा करायच्या खड्ड्यात न्यावा. पाणी न्यायला खालची जागाच नसेल तर रेती-गिट्टी नको. चांगला चिकट मुरूम थराथराने कुटून भरावा. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी हेच तत्त्व सिद्ध करून दाखवलं होतं. चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे मीटरभर थर मध्ये घातला, की मागच्या काळ्या मातीचं फुगणं काबूत राहतं. विदर्भात असा मुरूम मुबलक आहे.

आता कुठे खोलीच्या आत यायचं. आतून लावलेल्या लेपाची मूळ अडचण अशी, की पाणी त्याला मागून ढकलतं. बाहेरचा लेप पाण्याच्या दाबाने भिंतीवर अधिक घट्ट बसतो; आतला त्याच दाबाने सुटतो. ऑइल पेंट किंवा साधी पुट्टी इथे टिकत नाही. पॉलिमर घातलेलं सिमेंट त्यातल्या त्यात चालतं, तेही जुनं प्लास्टर ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून, वीट उघडी पाडून लावलं तर. नुसत्या पोपड्यांवर लावलेला महागडा लेप पोपड्यांसकटच खाली येतो.

आणि ती पांढरी पूड? तिला खार फुटणं म्हणतात. मातीतले आणि विटेतले क्षार पाण्यात विरघळून भिंतीच्या पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहून त्यांचे स्फटिक वाढतात. ते विटेच्या छिद्रांत वाढले तर विटेचा पृष्ठभागच आतून फोडतात. बोट फिरवलं की लाल भुकटी हाताला येते. ही पूड ओल्या फडक्याने पुसली तर क्षार पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून, सुपलीत गोळा करून घराबाहेर टाकावी. अशा भिंतीवर सिमेंटच्या घट्ट प्लास्टरपेक्षा चुन्याचं प्लास्टर चांगलं. त्यातून वाफ बाहेर पडते, खार त्या थरात साठतो आणि वीट वाचते. काही वर्षांनी तो थर काढून नवा द्यावा लागतो. तो झिजण्यासाठीच असतो. चुन्याचं काम जाणणारे मिस्त्री कमी उरले आहेत याची मला मनापासून खंत वाटते, पण महाल भागातल्या जुन्या वाड्यांची डागडुजी करणाऱ्यांमध्ये शोधलं तर ते अजून सापडतात.

भिंत वाळायला किती वेळ द्यायचा? जुना ठोकताळा इंचाला एक महिना असा आहे. नऊ इंची विटेची भिंत, तीही एकाच बाजूने वाळणारी, म्हणजे नऊ महिन्यांचा काळ. नागपूरची कोरडी हवा हा काळ बराच कमी करते. तरी नोव्हेंबरात प्लास्टर काढून भिंत फेब्रुवारीपर्यंत उघडी ठेवावी असं मी सुचवेन. घरच्यांना हे महिने वाया गेल्यासारखे वाटतात, कारण खोली आधीपेक्षाही वाईट दिसते. पण काम पुढे सरकतं ते याच महिन्यांत.

फरशीचं गणित भिंतीपेक्षा कठोर आहे. बाहेरच्या जमिनीतलं पाणी तळघराच्या फरशीपेक्षा एक मीटर वर चढलं, तर ते फरशीला खालून चौरस मीटरमागे एक टन एवढ्या जोराने वर ढकलतं. दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर, म्हणजे ११ टन. चार इंच जाडीच्या काँक्रीटचं स्वतःचं वजन तेवढ्याच क्षेत्राला पावणेतीन टनांच्या आसपास भरतं. म्हणून टाइल्स उचलल्या जातात, मधोमध तडा जातो आणि भिंत-फरशीच्या सांध्यातून पाणी उसळतं. वरून आणखी एक कोबा टाकून हा सामना जिंकता येत नाही. पाण्याला वाट देणं हाच उपाय: भिंतीच्या कडेने चार इंची नाली, ती एका कोपऱ्यातल्या खड्ड्यात उतरवलेली, खड्ड्यात फ्लोटवर चालणारा पंप. पंपाचं पाणी घरापासून लांब सोडायचं, नाहीतर तेच पाणी पुन्हा खाली येतं. तळघरात संडास-मोरी असेल तर तिच्या लाइनला उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह हवाच, कारण रस्त्यावरची गटार भरली की तिचं पाणी सर्वांत खालच्या घराच्या मोरीतून वर येतं.

छत बुटकं आहे म्हणून फरशी खाली घ्यायचा मोह अनेकांना होतो. घरच्या घरी हे काम कुणीही करू नये, असं मी ठामपणे सांगतो. पायाच्या तळापेक्षा खाली खणलं की भिंतीखालची माती बाजूने सरकायला मोकळी होते, आणि काळ्या मातीत पहिल्याच पावसात ती सरकते. पाया खाली नेण्याची पद्धत आहे, पण ती इंजिनीअरच्या देखरेखीखाली, एकाआड एक छोट्या तुकड्यांत करायची असते.

हवेबद्दल एक समज इथे पक्का रुजला आहे: कुबट वास आला की खिडक्या उघडाव्यात. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात ते बरोबर आहे. जुलैत मात्र बाहेरची हवा २८ अंशांची आणि ८५ टक्के आर्द्रतेची असली, तर तिचा दवबिंदू २५ अंशांच्या थोडा वर असतो. जमिनीतली भिंत २७ अंशांच्या आसपास असेल तर तिच्यालगत आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. बुरशीला ८० पुरते. म्हणजे खिडकी उघडून आपण बुरशीला पाणीच पुरवतो. पावसाच्या दिवसांत खिडक्या बंद ठेवून आर्द्रता शोषणारं यंत्र किंवा एसीचा ड्राय मोड लावावा. कूलर तळघरात कधीच नको. वाळत आलेल्या भिंतीवर तो उन्हाळाभर ओली हवा फेकतो.

विजेचं काम सगळ्या सजावटीच्या आधी करावं. बोर्ड आणि सॉकेट कमरेच्या वर, तळघराचा स्वतंत्र स्विच वरच्या मजल्यावर, आणि ३० मिलिअँपिअरची वीजगळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी. पंपाला इन्व्हर्टरची जोड हवी, कारण पूर आला की वीज आधी जाते आणि पंपाची गरज नेमकी तेव्हाच असते. जनरेटर खाली ठेवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत माणसाला नकळत मारतो.

तळघराच्या छताची पातळी भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ०.९ आणि जास्तीत जास्त १.२ मीटर वर असावी, आणि पृष्ठभागावरचं पाणी आत शिरणार नाही अशी व्यवस्था असावी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. राहण्याच्या खोलीसाठी तळघर वापरायला तिची मान्यता नाही. काम सुरू करण्यापूर्वी मंजूर नकाशात तळघर कशासाठी दाखवलं आहे ते पाहावं आणि वापर बदलायचा तर आधी परवानगी घ्यावी. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतल्या जुन्या राजेंद्र नगरात स्पर्धा परीक्षांच्या एका शिकवणी वर्गाच्या तळघरातल्या ग्रंथालयात पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. ते तळघर साठवणुकीसाठी मंजूर होतं.

पाणी आलं की दाराचं काय होतं, याचाही हिशोब करून ठेवावा. तीन फूट रुंद दारापलीकडे, जिन्याच्या तळाशी, दोन फूट पाणी साठलं तर दारावर सुमारे १७० किलोंचा रेटा येतो. पाणी मीटरभर झालं तर साडेचारशे किलोंचा. बाहेर उघडणारं दार आतल्या माणसाला त्या रेट्याविरुद्ध ढकलता येत नाही. घरगुती तळघराचं दार आत उघडणारं किंवा सरकतं असावं, जिन्याच्या वरच्या तोंडाशी सहा-आठ इंचांचा उंबरा असावा, आणि एक खिडकी तरी माणूस बाहेर पडू शकेल एवढी, बाहेरून ग्रिल न लावलेली असावी. परवानगी असेल तर तिथे वाचनाची खोली करा, तबल्याचा रियाज करा, मुलांचं कॅरम मांडा. कागदपत्रं आणि धान्य मात्र वरच्या मजल्यावर ठेवा. आणि जूनपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रात्री तिथे कुणालाही झोपवू नका, पाहुण्यांनाही नाही.